पहिली रायफल : एका निवडीचा इतिहास

आमच्या धर्मग्रामातील एक सुस्वभावी गृहस्थ एके दिवशी सायंकाळी आमच्याकडे आले. त्यांची कन्या महाविद्यालयात एनसीसीची छात्र आहे. शिबिरात तिने पॉइंट बावीसची रायफल चालविली आणि तिचा नेम सर्वांत चांगला ठरला. "फादर, पोरीला आता स्वतःची रायफल हवी आहे. घरात तिच्या आजोबांची शिकारीची दुनळी बंदूक पडून आहे. तीच तिच्या नावावर करून घ्यावी की नवी घ्यावी? आणि नवी घ्यायची तर कोणती?" असा त्यांचा प्रश्न होता.

धर्मगुरूला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, हे आम्ही त्यांना हसत हसत सांगितले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महापरिषदेने धर्मगुरूंना शिकार करण्यास, इतकेच नव्हे तर शिकारी कुत्रे व पक्षी बाळगण्यासही मनाई केली होती. तथापि इतिहासाची आवड आम्हांला स्वस्थ बसू देईना. आम्ही ग्रंथ चाळू लागलो, आणि पहिली रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला असून त्याचे उत्तर पुष्कळ किंमत मोजून मिळालेले आहे, असे आम्हांला आढळून आले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम रायफल म्हणजे काय, ते पाहू. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा सोडत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास जर्मन भाषिक प्रदेशातील कारागिरांना ही युक्ती साधली. तिचे शास्त्र मात्र पुष्कळ उशिरा, १७४० नंतरच्या दशकात, बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने मांडले. हात आधी शिकले व बुद्धीला मागाहून उमगले, असे इतिहासात अनेकदा घडते.

नेमबाजीची मंडळे तर त्याहून जुनी. फ्लँडर्सच्या नगरांत धनुर्धारींचे आणि पुढे बंदूकधारींचे संघ होते. त्यांचे स्वतःचे आश्रयदाते संत असत, सण असत आणि ख्रिस्तमंदिरांत त्यांच्या वेद्या असत. अँटवर्पच्या बंदूकधारी संघाने १६११ साली आपल्या वेदीसाठी रुबेन्सकडे चित्राची मागणी केली, आणि त्यातूनच 'क्रुसावरून उतरविणे' हे जगद्विख्यात चित्र निर्माण झाले. ते आजही तेथील कॅथेड्रलमध्ये आहे. संघाचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर, म्हणजे 'ख्रिस्ताला वाहून नेणारा'. म्हणून ज्यांनी ज्यांनी ख्रिस्ताला वाहिले, त्यांचे प्रसंग चित्रकाराने त्या पटांवर रंगविले. शस्त्र हाती धरणाऱ्यांनी आपल्यापुढे भार वाहणाऱ्यांचा आदर्श ठेवावा, ही गोष्ट आम्हांला मननीय वाटते.

आता निवडीकडे वळू. जर्मन शिकाऱ्यांची रायफल आखूड, जाड नळीची आणि मोठ्या गोळीची असे. अठराव्या शतकात जर्मन व स्विस कारागीर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जाऊन स्थायिक झाले, तेव्हा त्यांनी हीच रायफल हळूहळू लांब आणि बारीक केली. गोळीचा व्यास सुमारे साठ शतांश इंचावरून पंचेचाळीस-पन्नास शतांशांवर आला. कारण अगदी संसारी होते. रानात राहणाऱ्या माणसाला शिसे आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. एक पौंड शिशातून मोठ्या जातीच्या सुमारे बावीस गोळ्या होत, तर पंचेचाळीस शतांशांच्या पन्नासांहून अधिक. ज्याच्याजवळ गोळ्या अधिक, त्याचा सराव अधिक. आणि ज्याचा सराव अधिक, त्याचा नेम खरा. पहिल्या रायफलीविषयीचा पहिला नियम येथेच हाती लागतो : जिची गोळी आपल्याला परवडते, तीच आपली रायफल.

एकोणिसाव्या शतकाने हा नियम काही काळ विसरून पाहिला. इंग्लंडमध्ये १८५९ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून स्पर्धेचे उद्घाटन केले. चौकटीत घट्ट बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीची रेशमी दोरी तिने ओढली आणि चारशे यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळच गोळी लागली! टाळ्यांचा कडकडाट झाला असेल, पण त्या नेमाचे श्रेय दोरी ओढणाऱ्या हाताकडे जात नव्हते; ते चौकट बसविणाऱ्याचे होते. उत्तम रायफल विकत घेतली की उत्तम नेम आपोआप येतो, हा भ्रम आजही दुकानांतून विकला जातो.

तो भ्रम दक्षिण आफ्रिकेत फुटला. डिसेंबर १८९९ मध्ये एकाच आठवड्यात बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याचा तीन ठिकाणी पराभव केला. लहानपणापासून रानात नेम धरलेली ती माणसे होती. त्या तीन लढायांपैकी कोलेन्सो येथे लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांचा एकुलता एक हयात पुत्र प्राणांतिक जखमी झाला. हे रॉबर्ट्स आपल्या कानपूरचे. १८३२ साली त्यांचा जन्म तेथे झाला. मुलाच्या मृत्यूचे दुःख उरात घेऊनच ते सेनापती म्हणून आफ्रिकेला गेले. परतल्यावर त्यांनी गावोगावी छोट्या रायफलींची मंडळे उभी करण्याच्या चळवळीला आपले वजन दिले. कामगाराने दिवसभराच्या श्रमानंतर चार पैशांत पंचवीस यार्डांवर नेमबाजी करावी, अशी ती कल्पना होती. त्या चळवळीचा हेतू युद्धाचाच होता, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. परंतु तिने जो धडा दिला तो युद्धाहून दीर्घायुषी ठरला.

ती छोटी रायफल म्हणजेच पॉइंट बावीस. तिचे कूळ फ्रान्समधले. पॅरिसच्या फ्लोबेअर ह्या कारागिराने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी चिमुकले काडतूस तयार केले. त्यावरून अमेरिकेत १८५७ साली स्मिथ अँड वेसनने आपले काडतूस काढले, आणि १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने 'लाँग रायफल' हे काडतूस आणले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जगभरातील नवशिके आजही त्यावरच शिकतात. त्याची गोळी अवघी अडीच ग्रॅमची, आवाज बेताचा, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. हा धक्का नसणे फार महत्त्वाचे आहे. मोठ्या रायफलीचा दणका एकदा खांद्याला बसला की नवशिक्या चाप ओढण्याआधीच दचकू लागतो, डोळे मिटतो, आणि ती खोड जन्मभर जात नाही. मात्र छोटी म्हणून ती खेळणे नव्हे. तिची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा बांध असल्यावाचून ती झाडू नये.

शिकारीच्या संदर्भात आपल्या देशातील जिम कॉर्बेट ह्यांचे उदाहरण विसरता येणार नाही. १८७५ साली नैनितालला जन्मलेल्या ह्या मुलाच्या हाती प्रथम आली ती एक मोडकी ठासणीची दुनळी. तिची उजवी नळी फाटलेली आणि नळ्या व दस्ता पितळी तारेने एकत्र बांधलेले. एकाच नळीत एकच बार! तो वाया गेला की पुन्हा ठासत बसावे लागे. त्यामुळे खात्री असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली. पुढे कॅडेट असताना सार्जंट मेजरने त्यांना मार्टिनी रायफल सरावासाठी उसनी दिली. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. त्या दिवशी त्यांनी बरोबर फक्त तीन काडतुसे घेतली होती. ती संपली तरी जखमी वाघीण उभीच होती, आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या जुन्या बंदुकीने काढावा लागला. ह्या कामगिरीबद्दल त्यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट ह्यांच्याकडून रिग्बी बनावटीची पॉइंट दोनशे पंच्याहत्तरची रायफल भेट मिळाली. ती हलकी, लहान गोळीची होती, आणि तिनेच त्यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या टिपला. 'मोठे जनावर म्हणजे मोठी रायफल' असे मानणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा. जनावराला वेदना न देता एका गोळीत मारणे हे गोळीच्या आकारापेक्षा ती कोठे लागते ह्यावर अधिक अवलंबून असते, आणि जखमी जनावर रानात सोडून घरी येणे हे खऱ्या शिकाऱ्याच्या लेखी पापच.

ह्याच कॉर्बेट ह्यांनी उत्तरायुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक जवळ केला. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट ह्यांची आख्यायिका वाचकांना ठाऊक असेल. शुभ शुक्रवारी हरणामागे धावत असता त्याच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. मूळची ही कथा संत युस्टेस ह्यांची असून ती पुढे ह्यूबर्ट ह्यांना जोडली गेली, हा तपशील अलाहिदा. शिकाऱ्यांनी आपला संत म्हणून निवडला तो पाठलाग करता करता थांबलेला माणूस, हे विशेष.

आपल्या देशालाही थांबावे लागले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती ह्यांनी हौशी शिकारीचे पर्व संपविले. तेव्हा शिकारीसाठी पहिली रायफल कोणती, ह्या प्रश्नाला भारतात आता उत्तर नाही, आणि नसावेच. उरतो लक्ष्यभेद. त्याची परंपरा आपल्याकडे अभिमानास्पद आहे. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना झाली, तीत लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे आपले मराठी गृहस्थ अग्रभागी होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजांना सुपरिचित आहे. एनसीसीत पहिली रायफल हाती घेतलेल्या मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा ह्यांनी सुवर्णपदक मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव ह्यांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक पदक, म्हणजे मध्ये बहात्तर वर्षे गेली! आणि कुसाळे ह्यांच्या हाती काय होते? तीच पॉइंट बावीस.

बिंद्रा ह्यांच्या हाती मात्र काडतुसाची रायफल नव्हती. होती एअर रायफल. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा ती दहा मीटरवर फेकते. लक्ष्याचा मध्यबिंदू असतो अर्धा मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा! चाप ओढल्यानंतर छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतच्या त्या निमिषमात्रातही शरीर स्थिर ठेवावे लागते. म्हणून आधी श्वास, मग मन आणि शेवटी बोट, असा तिचा क्रम आहे.

असो. त्या गृहस्थांना आम्ही जे सांगितले ते येथे नमूद करतो. आजोबांची दुनळी ही रायफल नव्हे. शिवाय शस्त्रपरवान्याला २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि कन्या अठराची आहे. ती बंदूक कायद्याप्रमाणे जमा करावी किंवा तिची रीतसर व्यवस्था लावावी. कुलूप नसलेल्या कपाटात ती मुळीच ठेवू नये. आमच्या बालपणी शेजारच्या वाडीत 'रिकामी' समजलेल्या बंदुकीने एका मुलाचा डोळा गेला होता. रिकामी बंदूक अशी वस्तू जगात नसते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

मुलीने प्रथम एखाद्या मान्यताप्राप्त रायफल क्लबात जावे आणि काही महिने तेथील एअर रायफलच वापरावी. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करून दूरची वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीत राहते, तो प्रमुख डोळा. शक्यतो त्याच बाजूच्या खांद्याला रायफल लावावी. दस्त्याची लांबी तिच्या हाताला जुळावी. वजन एवढेच असावे की दहाव्या नेमालाही खांदा थरथरू नये. पैसा उरला तर तो रायफलीच्या नक्षीवर नव्हे, छर्ऱ्यांवर आणि प्रशिक्षकावर खर्च करावा.

गृहस्थ थोडे हिरमुसले. आजोबांची बंदूक नातीच्या हाती यावी, अशी त्यांची मनापासूनची इच्छा होती. "मग आजोबांचे तिला काय मिळणार, फादर?" त्यांनी विचारले.

आजोबा शिकारीत नेम कसा धरीत, असे आम्ही त्यांना विचारले. ते क्षणभर आठवत राहिले आणि म्हणाले, "बाबा फार वेळ थांबत. पुष्कळदा बार न काढताच बंदूक खाली घेत आणि घरी येत."

तेच तिला द्या, आम्ही म्हणालो.