कोळसा गेला, धूळ राहिली

दक्षिण वेल्सच्या खाणगावांविषयी ब्रिटिश वृत्तपत्रांत गेली काही दशकं एक ठरावीक तक्रार वाचायला मिळते: धडधाकट माणसं आजारपणाचा भत्ता घेऊन घरी बसतात. मर्थर टिडव्हिल या गावाचं नाव त्यात हमखास असतं. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कामाच्या वयातल्या दर पाच माणसांपैकी साधारण एक जण अशा भत्त्यावर होता, हे खरंच आहे. प्रश्न असा की, हजारो माणसं खाणीत उतरत होती तेव्हा हा आकडा इतका मोठा का नव्हता? मी गिरणगावात वाढलो, म्हणून असेल, पण हा प्रश्न मला परका वाटला नाही. उत्तर शोधताना मी भत्त्यांचे आणि रोजगाराचे कायदे क्रमाने लावत गेलो, आणि त्या क्रमातच बरंचसं उत्तर सापडलं.

१९२० साली या खोऱ्यांतल्या खाणींत सुमारे २ लाख ७० हजार माणसं कामाला होती. इथल्या कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं निकामी होत. १९४३च्या योजनेने या आजाराला भरपाई मिळू लागली; पण वैद्यकीय मंडळाने आजारावर शिक्का मारला की कामगाराला खाण सोडावी लागे. एरवी ही माणसं वाऱ्यावर पडली असती. पण काळ महायुद्धाचा आणि त्यानंतरच्या उभारणीचा होता, माणसांची टंचाई होती. १९४४च्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर नोंदणीकृत अपंगांना ३ टक्के जागा देण्याचं बंधन घातलं. अपंगांसाठी काढलेल्या ‘रेम्प्लॉय’ या सरकारी कंपनीचा पहिला कारखाना १९४६मध्ये दक्षिण वेल्समधल्याच ब्रिजेंडला सुरू झाला. धुळीने आजारी पडलेल्या खाणकामगारांना डोळ्यांसमोर ठेवून ‘ग्रेनफेल’ कारखाने उभारले गेले. थोडक्यात, माणूस आजारी आहे हे मान्य करून त्याला झेपेल असं काम सरकारने त्याच्या दाराशी नेलं.

पुढे चित्र पालटलं. मार्च १९८४ ते मार्च १९८५ हा वर्षभराचा संप मोडला तेव्हा दक्षिण वेल्समध्ये सुमारे २० हजार खाणकामगार उरले होते. त्यानंतर दहा वर्षांत जवळजवळ सगळ्या खाणी बंद झाल्या. पन्नाशीतला, दम लागणारा, गुडघे गेलेला माणूस आता कुठे जाणार? त्याच्यापुढे दोन खिडक्या होत्या. बेकारभत्ता ठरावीक मुदतीनंतर घरच्या उत्पन्नावर मोजला जाई. बायको कुठे कामाला असेल किंवा खाण सोडताना मिळालेली रक्कम बँकेत असेल, तर हाती फारसं काही पडत नसे. १९७१पासून चालू असलेल्या दीर्घ आजाराच्या भत्त्याला ती अट नव्हती आणि त्याची रक्कमही जास्त होती. डॉक्टरचा दाखला मात्र लागे. छाती आणि सांधे तपासून तो दाखला देताना डॉक्टरला खोटं बोलावं लागत नव्हतं. सरकारलाही हे सोयीचं होतं, कारण या खिडकीवरचा माणूस बेकारांच्या आकड्यात धरला जात नसे.

क्रिस्टिना बीटी आणि स्टीफन फॉदरगिल या संशोधकांनी १९९६मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. कोळसापट्ट्यांत एवढा रोजगार बुडूनही नोंदलेली बेकारी त्या प्रमाणात वाढली नव्हती. माणसं ‘कायमचे आजारी’ या रकान्यात सरकली होती. याचा अर्थ आजार बनावट होते, असा नव्हे. धुळीपासून कामगारांचं रक्षण करण्यात ब्रिटिश कोल या सरकारी महामंडळाने हलगर्जी केली, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९८मध्ये दिला. आजार खरा होता, बेकारीही खरी होती. काम होतं तेव्हा त्याच छातीने माणूस पाळी भरत होता. काम गेल्यावर तीच छाती अपात्र ठरली.

मग तिसरा फेरा आला. १९४४ची ३ टक्क्यांची सक्ती नव्वदीच्या दशकात रद्द झाली. २००८पासून नव्या भत्त्याबरोबर कार्यक्षमतेची चाचणी आली आणि ती घेण्याचं काम खासगी कंपनीकडे गेलं. काल अपात्र असलेली कितीतरी माणसं कागदावर कामाला लायक ठरली. त्यांतली बरीच अपिलात जिंकलीही. याच सुमारास, २०१२-१३मध्ये, सरकारने रेम्प्लॉयचे बहुतेक कारखाने बंद केले. एका हाताने ‘कामाला लागा’ म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने कामाचं दार लावून घ्यायचं, असा हा प्रकार.

भत्त्याची बाजू घेतानाही एक गोष्ट झाकू नये. त्याने घरं तगवली, पण खोऱ्यांना नवा धंदा दिला नाही. दरमहा पैसे पोचत राहिल्याने तिथे काय उभारायचं हा प्रश्न मागे पडत गेला. घरी बसलेल्या माणसाची किंमत त्याच्याच गल्लीत उतरली आणि त्याची मुलं कामासाठी बाहेर पडली.

आपल्याकडचा १९२३चा कामगार भरपाई कायदा ब्रिटिश कायद्याच्याच धर्तीवर झाला. कापसाच्या तंतूंनी छाती भरते, त्या बिसिनोसिसचं नाव आपल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या असंख्य जणांना पुन्हा खात्यात पाऊल टाकता आलं नाही. त्यांच्यापुढे दुसरी खिडकी नव्हतीच. कामगार विमा नोकरीला जोडलेला, त्यामुळे नोकरी सुटली की ते छत्रही सुटतं. २०१६च्या कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के जागा दिल्या, त्या सरकारी नोकऱ्यांत. खासगी मालकावर सक्ती नाही. खोकणारा साचेवाला मग कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीच्या गाडीवर बसला, कुणी कोकणातल्या घरी परतला.

म्हणूनच गिरणगावाला ‘फुकट खाणारे’ असं कुणी म्हटलं नाही. वेल्समध्ये निदान भत्त्याच्या नोंदी आहेत. त्यांवरून भांडता येतं, न्यायालयात जाता येतं, इतिहास लिहिता येतो. आपल्याकडे काम गेल्यावर आजारी माणसाची नोंदच झाली नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी कारखाना काढण्याची मागणी तरी कोण कशाच्या आधारे करणार? गिरण्यांच्या जमिनींचा हिशेब आपण वारचौरसात मांडला. छात्यांचा हिशेब अजून बाकी आहे.