मोजणीचा दगड आणि विंगेट साहेब

॥ श्री ॥

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की चिरा, चुना आणि कळस डोळ्यांपुढे येतात. परंतु देवाच्या दिवाबत्तीचा आधार म्हणजे देवस्थानची इनाम जमीन. तिच्या हद्दीचा दगड कोणी रोवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची पाहणी करून सारा बसविला. मोजणी सदोष आणि सारा भारी! कुणबी गाव सोडून गेले, शेते ओस पडली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी व मुंबई इंजिनिअर्स पलटणीचे लेफ्टनंट जॉर्ज विंगेट इंदापूर तालुक्यात कामाला लागले.

पेशा लष्करी, पण विंगेट यांचे नाव झाले ते शेताच्या बांधावर. ३३ फुटांची साखळी, ४० गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि हद्दीला दगड अशी ती पद्धत. मातीचा रंग, खोली व दोष पाहून आणेवारीने प्रतबंदी होई. सारा हलका करून ३० वर्षे कायम केला. त्या मुदतीत कोणी विहीर खणली तरी सारा वाढवावयाचा नाही, असा नियम होता. ओसाड जमिनी पुन्हा वहिवाटीस आल्या. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही होती. जमीन खातेदाराच्या नावे लागली, तशी ती गहाण टाकण्याजोगी व विकण्याजोगीही झाली. सावकाराच्या पाशाचा इशारा विंगेट यांनी १८५२ सालीच सरकारला दिला होता. पुढे फेरआकारणीत सारा वाढला, कापसाचे भाव कोसळले, आणि १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे कर्जरोखे जाळले गेले.

हिंदुस्थानात गोळा केलेला कर विलायतेत खर्च करणे ही खंडणीच होय, असे विंगेट यांनी १८५९ मध्ये उघड लिहिले. दादाभाई नौरोजींनी पुढे त्यांच्या लिखाणाचा आधार घेतला. साहेब परका, पण बोलला ते खरे.

१९४७ च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरी मूळ मोजणी तीच. कागद आणि दगड शाबूत असतील तरच देवाची जमीन देवाकडे राहील. म्हणून ग्रामस्थ बंधुभगिनींनी कळसाइतकीच बांधावरच्या दगडाचीही काळजी वाहावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.