घंटेची दोरी आणि रुग्णाचा शब्द

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे वेदनेच्या इतिहासाची सुरुवात आम्ही देकार्तपासून करणार. शेवट मात्र दवाखान्यात होईल.

देकार्त १६५० साली वारले. त्यांच्यामागे प्रसिद्ध झालेल्या मानवी शरीरावरच्या ग्रंथात एक चित्र आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेला आहे. खालून दोरी ओढली की वर घंटा वाजते, तसं हे. कल्पना सोपी, म्हणूनच ती टिकली. पण तिच्यातून एक समजूत रुजली: जेवढी जखम, तेवढी वेदना. आणि जखम दिसत नसेल तर? मग रुग्णावरच संशय!

या समजुतीला धक्का बसला तो युद्धात. हेन्री बीचर हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनाशामक हवं का? सुमारे तीन चतुर्थांश जण नको म्हणाले. हे त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी याचा अर्थ असा लावला, की सैनिकासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका. जखमेला अर्थ असतो आणि तो वेदनेत उतरतो.

मग हा अर्थ आधीच समजावून दिला तर? १९६४ साली एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये हेच केलं. पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रुग्ण होते. त्यांतल्या काहींना भूलतज्ज्ञांनी आधी बसून सांगितलं: कुठे दुखेल, किती दुखेल, स्नायू आखडल्यानं ते कसं वाढतं, श्वास कसा घ्यायचा, कूस कशी बदलायची. बाकीच्यांना हे सांगितलं नाही. कोणाला सांगितलंय, हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हतं. समजावलेल्या रुग्णांना अफूजन्य औषध जवळपास निम्मंच लागलं आणि ते घरीही लवकर गेले.

पुढच्याच वर्षी मेल्झॅक आणि वॉल यांनी 'द्वार-नियंत्रणा'चा सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. खालून येणारे संदेश तिथे कमी-जास्त होतात आणि मेंदूही वरून ते दार उघडू-मिटू शकतो. घंटेची दोरी इथे तुटली.

आता एक सावधगिरी. यावरून 'वेदना म्हणजे मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढायचा नाही. एगबर्टच्या रुग्णांना औषध मिळतच होतं. समजावणं त्याच्या जोडीला आलं, जागी नव्हे. २०२० साली वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत नोंदवलं की दुखतंय असं माणूस सांगतो, त्या सांगण्याचा आदर व्हावा.

आपल्याकडे अजूनही ऐकू येतं: "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." यातलं पहिलं वाक्य खरं असू शकतं. दुसरं त्यातून निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातली ही चूक आहे. पण तिची किंमत रुग्ण मोजतो. या दोन वाक्यांच्या मध्ये डॉक्टरांनी पाच मिनिटं बसावं, ऐकावं आणि समजावून सांगावं, एवढंच आपलं मागणं आहे.