बाई आपल्या शाळेत येतात कशा?

आम्ही येरवड्याच्या बाया. आमच्या पोरांच्या शाळा पुणे महानगरपालिकेच्या, तुमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या. नेमणारे वेगळे, पण शिक्षक येण्याची वाट आता बरीचशी एकच.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, मग कायम नोकरी. 2017 साली पवित्र पोर्टल आलं. उमेदवार अभियोग्यता चाचणी देतात. गुण, आरक्षण आणि त्यांनी भरलेला पसंतीक्रम पाहून जिल्हा परिषद किंवा महापालिका मिळते. मग समुपदेशन होतं. रिकाम्या जागांची यादी समोर ठेवतात आणि एकेकाने शाळा निवडायची.

रस्त्यालगतची शाळा कुणालाही हवी. जिथे एसटी पोचत नाही, ती शाळा मागे राहण्याची भीती असते. अशा वेळी आपण गप्प बसायचं नाही.

शाळेला किती शिक्षक, हे पटावर ठरतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. तर पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा: मंजूर पदं किती? भरलेली किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. जागा रिकामी असेल तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.