नलिका : प्राणिविज्ञान व वैद्यकातील संज्ञा

लॅटिनमधील ‘ट्यूबस’ (नळी), ‘ट्यूबा’ (सरळ, लांब रणशिंग) आणि ‘ट्यूब्यूलस’ (बारीक नळी) या एकाच कुळातील शब्दांपासून घडलेल्या संज्ञांचा गट. मराठी परिभाषेत त्यांना बहुधा नलिका किंवा सूक्ष्मनलिका म्हणतात. बोलण्यात मात्र नळी, नस आणि ट्यूब हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. केज तालुक्यातील (जि. बीड) युसूफ वडगावसारख्या गावात शेतापासून दवाखान्यापर्यंत या नलिकांशी माणसाचा संबंध येतो, म्हणून येथील उदाहरणे घेतली आहेत.

बीड जिल्ह्यात तुतीवर रेशीम कोष घेणारे शेतकरी आहेत. रेशीम अळी उभी चिरली, तर मध्यांत्र व पश्चांत्र यांच्या सांध्यापाशी दोन्ही बाजूंना तीन-तीन, अशा सहा दोऱ्यासारख्या नळ्या आतड्याला बिलगून वळसे घेत गेलेल्या दिसतात. या मालपीघी नलिका. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपीघी याने रेशीम किड्यावरील ग्रंथ 1669 मध्ये प्रसिद्ध केला; पुढे या नलिकांना त्याचे नाव मिळाले. कीटकाला मूत्रपिंड नसते. रक्तद्रवातील यूरिक आम्लासारखे टाकाऊ पदार्थ याच नलिका गोळा करतात आणि आतड्यात सोडतात. कोष विणण्याआधी अळी पोट रिकामे करते व शेवटी पातळ द्रव टाकते. अळ्या चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर) सोडणाऱ्याला ही ओल चांगली माहीत असते.

प्राण्यांच्या नावांतही या कुळातील शब्द आहेत. गटारातील गाळात नळी करून राहणाऱ्या तांबड्या कृमीचे नाव ट्यूबिफेक्स, म्हणजे ‘नळी करणारा’. मत्स्यालयातील माशांचे खाद्य म्हणून तो विकला जातो. आफ्रिकेतील आर्डव्हार्कचे दात असंख्य उभ्या सूक्ष्म नळ्यांचे बनलेले असून त्यांवर दंतवल्क नसते. त्यामुळे त्याच्या गणाला ट्यूब्युलिडेंटाटा म्हणतात.

मानवी मूत्रपिंडात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला सुमारे 99 टक्के भाग वृक्कनलिका परत रक्तात घेतात, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. शरीरातील पाणी फार आटले की इजा प्रथम याच नलिकांना होते. निकाराग्वा व एल साल्वादोरमधील ऊसतोड मजुरांत नलिका व त्यांभोवतालच्या ऊतींचा दीर्घकालीन आजार मोठ्या प्रमाणावर आढळला असून उन्हातील कष्ट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. दरवर्षी ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बीडच्या मजुरांसाठी फडावर पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय असलीच पाहिजे.

क्षयरोगाचे ‘ट्यूबरक्युलोसिस’ हे नाव मात्र या कुळातले नाही. ते ‘ट्यूबर’ म्हणजे गाठ या वेगळ्या लॅटिन शब्दापासून आले. तरी रोग म्हणून क्षयाचा नलिकांशी निकटचा संबंध आहे. स्त्रीच्या जननेंद्रियांना क्षय झाला की बहुतेक वेळा गर्भनलिकाच बाधित होतात. भारतात ‘ट्यूब ब्लॉक’ निघण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

गर्भनलिकेचे वर्णन गाब्रिएले फाल्लोप्पिओ याने 1561 मध्ये केले. तिचे फुलारलेले टोक पाहून त्याने तिला ‘ट्यूबा’, म्हणजे रणशिंग म्हटले. पुढे इंग्रजीने त्याची साधी ‘ट्यूब’ केली. सुमारे 10 ते 12 सेंमी. लांबीच्या या दोन नलिकांत बीज व शुक्राणू यांचे मीलन होते. दोन्ही बंद असल्यास हे मीलन शरीराबाहेर घडवता येते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी असे बाळ जन्मले.

स्त्रीच्या कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत याच नलिका बांधतात किंवा कापतात. नसबंदी हा शब्द रूढ असला तरी तिच्यात रक्ताची नस कापली जात नाही. गर्भाशय व बीजकोष जागेवर राहतात, पाळी चालू राहते. गर्भाशय, म्हणजे ‘पिशवी’, काढणे ही पूर्णपणे वेगळी शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर पाळी कायमची थांबते. सोबत दोन्ही बीजकोष काढले तर ऐन तारुण्यात ऋतुनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एवढ्या मोठ्या संख्येपुढे शब्दांची सरमिसळ किरकोळ मानता येत नाही. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी प्रत्येक बाईने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : नळी बांधणार, पिशवी काढणार, की बीजकोषही? आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.