डोक्यावरची लावणी

टक्कल पडलेल्या माणसाची थट्टा पारावर बसल्या बसल्या होते आणि तोही ती हसून घेतो. पण भाजल्यामुळे किंवा कातडीच्या रोगामुळे ज्याचे केस गेले, त्याला हसू कुठून येणार? केशरोपणाचा इतिहास सुरू होतो तो अशा रोग्यांपासून. शोभेचा भाग नंतरचा.

जपानमधील डॉ. शोजी ओकुडा यांनी १९३९ साली आपल्या प्रयोगांवर लेख प्रसिद्ध केले. रोग्याच्याच डोक्याच्या केसाळ भागातून, पोकळ गोल पात्याने, दोन ते चार मिलिमीटर रुंदीचे कातडीचे तुकडे केसांच्या मुळांसकट काढायचे आणि व्रणाच्या जागी भोके पाडून त्यांत बसवायचे, अशी ती रीत. केस तेथे उगवले. १९४३ साली डॉ. तामुरा यांनी तर त्याहून बारीक, एकेका केसाचे रोप लावले. पण लेख जपानी भाषेत, आणि जग महायुद्धात गुंतलेले! पश्चिमेला त्यांचा पत्ताच लागला नाही.

न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५२ साली हे काम स्वतंत्रपणे हाती घेतले; त्यांचा लेख १९५९ साली आला. त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल. आंबेमोहोराचे रोप कोणत्याही खाचरात लावले तरी ते आंबेमोहोरच राहते. तसाच डोक्याच्या मागचा, सहसा न गळणारा केस पुढे लावला तरी आपला गुण सोडत नाही. तत्त्व पक्के होते, पण लावणी ठोकळ. चार मिलिमीटरच्या एकेका तुकड्यात केसांचा झुपकाच असे, त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. लोकांनी हे बरीच वर्षे सोसले. जपानी लेख वेळीच वाचले गेले असते, तर इतकी वर्षे गेली नसती, असे मला वाटते.

१९८४ साली हेडिंग्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, की डोक्यावरचे केस एक ते चारच्या नैसर्गिक पुंजक्यांत वाढतात. त्याचा उपयोग टेक्सासच्या डॉ. लिमर यांनी १९८८ पासून केला. डोक्यामागची कातडीची एक पट्टी काढायची, टाके घालायचे, आणि पट्टीतले पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून लावायचे. झुपके गेले, मागे लांब व्रण मात्र राहिला. केस बारीक कापले की तो दिसतो.

२००२ साली अमेरिकेतल्याच रासमन आणि बर्नस्टाइन प्रभृतींनी पट्टी न काढता एक मिलिमीटरच्या आसपासच्या पात्याने एकेक पुंजका उचलण्याची रीत मांडली. म्हणजे ओकुडांचेच पाते, पण बारीक! यात लांब व्रण नाही, टाके नाहीत. जाहिराती येथेच थांबतात. कातडीखालचे मूळ डॉक्टरला दिसत नसते. हात चुकला तर ते तुटते. बारीक ठिपक्यांचे व्रणही राहतातच. पट्टीच्या रीतीत मुळे डोळ्यांसमोर सुटी होतात. तेव्हा रीतीच्या नावापेक्षा हात कोणाचा, हे आधी विचारावे. शिवाय दोन्हींत नवा केस एकही निर्माण होत नाही. मागचे बियाणे संपले की संपले.

आपल्या देशात काही रोग्यांचे जीवही गेले आहेत. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बजावले, की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे. नुसत्या कार्यशाळेत बसून किंवा चित्रफिती पाहून ते येत नाही.

आणि घाई असलेल्यांसाठी एवढेच, की लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळतात. मूळ आत शाबूत असते. तीन-चार महिन्यांनी कोंब दिसू लागतात, आणि पीक पुरते उभे राहायला वर्षभर लागते.