जुन्या विमानाला नवी बॅटरी

आठवीतला एक विद्यार्थी एके दिवशी काकांचे माळ्यावर पडून असलेले रेडिओ-नियंत्रित विमान शाळेत घेऊन आला. विमान १९८० च्या दशकातले. बाल्सा लाकडाचा सांगाडा, नाकात मोटर आणि पोटात सात सेलची निकेल-कॅडमियम बॅटरी. बॅटरी अर्थातच निकामी झाली होती. "सर, मोबाइलमध्ये असते तशी लिथियमची बॅटरी बसवली तर? जास्त वेळ उडेल ना?" त्याने विचारले. त्याचा बेत सोपा होता. दुकानातून नवी बॅटरी आणायची, जुन्या तारांना जोडायची आणि काकांच्या जुन्याच चार्जरवर रात्रभर लावून ठेवायची.

मी त्याला तिथेच थांबवले. पण "धोका आहे, करू नकोस" एवढ्याने मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. धोका का आहे, हे समजायला बॅटरी आणि विमान यांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या संबंधाकडे पाहावे लागते.

बॅटरी आधी हवेत गेली

राइट बंधूंचे विमान १९०३ साली उडाले ते पेट्रोलवर. पण विजेच्या मोटरने त्याआधीच आकाशात फेरी मारली होती. ९ ऑगस्ट १८८४ रोजी फ्रान्समध्ये रेनार आणि क्रेब्ज या लष्करी अधिकाऱ्यांनी 'ला फ्रान्स' नावाचे हवाई जहाज सुमारे ८ किलोमीटर फिरवून २३ मिनिटांत निघाल्या जागी परत आणले. त्यातल्या बॅटरीचे वजन होते ४३५ किलो! हे जमले, कारण बॅटरीचे ओझे हायड्रोजनने भरलेल्या फुग्याने उचलले होते. मोटरला फक्त जहाज पुढे ढकलायचे होते.

विमानाला फुगा नसतो. त्याला हवेत राहायचे तर पुढे जावे लागते, आणि पुढे जाण्यासाठी लागणारी ऊर्जा ज्या बॅटरीतून यायची तिचे वजनही त्यालाच वाहावे लागते. म्हणून विमानाच्या दृष्टीने बॅटरीत एकूण ऊर्जा किती, यापेक्षा एका किलोमागे ऊर्जा किती, हा खरा प्रश्न आहे. पुढचा सारा इतिहास या एका आकड्याभोवती फिरतो.

१९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचे रेडिओ-नियंत्रित विमान यशस्वीपणे उडवले. त्याचे इंजिन पेट्रोलचे होते. बॅटरी होती ती फक्त रेडिओसाठी. प्रोपेलर फिरवण्याचे काम बॅटरीवर सोपवावे, असे तेव्हा कोणाला वाटलेही नसेल. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. त्या काळच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत किलोमागे ३० च्या आसपास.

चांदीची बॅटरी

३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे मॉडेल विजेच्या मोटरवर उडवले. रेडिओ-नियंत्रित विमानाचे विजेवरचे हे पहिले नोंदलेले उड्डाण मानले जाते. बॅटरी होती चांदी-जस्ताची. किलोमागे १०० वॉट-तासांच्या घरात ऊर्जा देणारी ही बॅटरी त्या काळातली सर्वांत हलकी. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्यातही चांदी-जस्ताच्याच बॅटऱ्या होत्या. ८३.६ किलोच्या त्या उपग्रहात विजेच्या साठ्याचेच वजन सुमारे ५१ किलो होते.

मग ही बॅटरी छंदवेड्यांच्या हाती का आली नाही? एक तर चांदी महाग. दुसरे म्हणजे, ती मोजक्याच वेळा पुन्हा चार्ज करता येई. एकदाच सोडायच्या उपग्रहाला ते चालते, दर रविवारी मैदानावर जाणाऱ्याला नाही.

निकेल-कॅडमियमचे दिवस

स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी १८९९ सालीच तयार केली होती. तिचा बंदिस्त, न गळणारा सेल मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आला. किलोमागे ऊर्जा चांदी-जस्ताच्या निम्म्याहूनही कमी. तरी तिच्यात तीन गुण होते. ती शेकडो वेळा चार्ज होई, एकदम मोठी विद्युतधारा देई आणि पंधरा-वीस मिनिटांत भरता येई. मैदानावर मोटारगाडीच्या बॅटरीवरून ती चार्ज करायची आणि पुन्हा उडवायचे, अशी पद्धत पडली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियात फ्रेड मिलिट्की आणि हाइनो ब्रडिट्श्का यांनी याच प्रकारच्या बॅटऱ्यांवर चक्क माणसासह मोटर-ग्लायडर उडवले. उड्डाण जेमतेम दहा मिनिटांचे होते. मिलिट्की हे मुळात विजेवर चालणारी मॉडेले बनवणारे. म्हणजे खेळण्यातला अनुभव मोठ्या विमानाच्या कामी आला.

या बॅटरीचा चौथा गुण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ती पूर्ण भरल्यावर आणखी वीज दिली, तर धन ध्रुवावर ऑक्सिजन तयार होतो. तो ऋण ध्रुवावरच्या कॅडमियमशी संयोग पावतो आणि सेल तापतो. तापल्यामुळे त्याचा विद्युतदाब किंचित उतरतो. चार्जर ही उतरण ओळखतो आणि थांबतो. जणू बॅटरीच सांगते, "पोट भरले." काकांचा चार्जर ही खूण पाहूनच थांबणारा होता.

लिथियम आले

लिथियम हा सर्वांत हलका धातू. १९७३ च्या तेलटंचाईच्या काळात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी करून पाहिली. १९८० साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव सुचवला, १९८५ साली अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम वगळून ती अधिक सुरक्षित केली, आणि १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे संशोधन खेळण्यातल्या विमानासाठी झाले नव्हते. व्हिडिओ कॅमेरा आणि फोन ही त्याची गिऱ्हाइके. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मोठी विद्युतधारा देणारे चपटे लिथियम-पॉलिमर सेल मिळू लागले आणि छंदवेड्यांनी ते उचलले.

पुन्हा त्या विमानाकडे

आता आकडे पाहू. जुनी बॅटरी: ८.४ व्होल्ट, १.७ अँपिअर-तास, वजन ४०० ग्रॅम. ऊर्जा १४.३ वॉट-तास, म्हणजे किलोमागे सुमारे ३६. नवी दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी: ७.४ व्होल्ट, २.२ अँपिअर-तास, वजन १२५ ग्रॅम. ऊर्जा १६.३ वॉट-तास, म्हणजे किलोमागे १३०.

मुलांना हे उंचीत मोजायला सांगावे. सगळी ऊर्जा स्वतःचेच वजन उचलण्यात गेली, तर जुनी बॅटरी स्वतःला १३ किलोमीटर वर नेऊ शकेल आणि नवी जवळजवळ ४८ किलोमीटर. प्रत्यक्षात असे होत नाही, पण फरक लक्षात येतो.

इतका फायदा असताना अडचण कुठे? पहिली अडचण चार्जरची. लिथियमचा सेल भरल्यावर त्याचा विद्युतदाब उतरत नाही. जुना चार्जर उतरण्याची वाट पाहत वीज देतच राहतो. सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला, की ऋण ध्रुवावर लिथियम धातू साचू लागतो, आतला ज्वालाग्राही द्रव विघटित होतो, वायू तयार होऊन सेल फुगतो आणि पेट घेऊ शकतो. रात्रभर लावून ठेवण्याचा बेत म्हणूनच थांबवावा लागला. लिथियमला तिचाच चार्जर हवा, आणि तोही माणूस जागा व जवळ असतानाच लावावा.

दुसरी अडचण विद्युतदाबाची. दोनाऐवजी तीन सेल लावावेत, असा मोह होतो. पण विद्युतदाब दीडपट केला की प्रोपेलरचा वेग त्याच प्रमाणात वाढू पाहतो. विद्युतधारा साधारण वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट, आणि शक्ती घनाने, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. जुनी मोटर जळून जाईल. दोन सेलची बॅटरी मात्र सात सेलच्या जुन्या बॅटरीच्या जागी चपखल बसते.

तिसरी अडचण खालच्या मर्यादेची. निकेल-कॅडमियम रिकामी होईपर्यंत वापरली तरी सहसा चाले. लिथियमचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून आम्ही विद्युतदाब उतरताच वाजणारा छोटा भोंगा बसवला.

चौथी अडचण आमच्या ध्यानात शेवटी आली. २७५ ग्रॅम वजन पुढून कमी झाल्याने गुरुत्वमध्य मागे सरकला होता. तसेच उडवले असते तर विमान नाक वर करून कोसळले असते. बॅटरी मोटरच्या मागच्या फळीपर्यंत पुढे सरकवल्यावर तोल जुन्या जागी आला. सव्वा किलोचे विमान आता ९७५ ग्रॅमचे झाले होते. हवेत तगून राहण्यासाठी लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाला. विमान आता सावकाश आणि अलगद उतरते.

राहिली मेलेली बॅटरी. कॅडमियम विषारी आहे, ते कचराकुंडीत जाता कामा नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आम्ही ती संकलन केंद्रात दिली.

जुना चार्जर मात्र आम्ही ठेवून घेतला आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात त्यावर त्या विद्यार्थ्याच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: "फक्त निकेल-कॅडमियमसाठी. का, ते विचारा."